रक्ताचा थेंब आणि उद्याचे ताट

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना मधुमेह होता, हे आपल्या समाजातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जयंतीच्या व महापरिनिर्वाण दिनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख होतो आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आम्हांस मात्र या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजेच पुढे माईसाहेब आंबेडकर, यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा बाबासाहेबांना सत्तावन्न वर्षे पूर्ण झाली होती. संविधानाच्या मसुद्याचे काम भरात होते आणि मधुमेहाबरोबर पायांच्या वेदनांनी त्यांना ग्रासले होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर. पथ्य, औषधे, इन्सुलिन यांची व्यवस्था त्यांनी आपल्या हाती घेतली. ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. डॉक्टर सलग उपचारांसाठी आग्रह धरीत आहेत, परंतु त्यांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्या पत्राचा आशय होता. १९५४ मध्ये कित्येक महिने ते अंथरुणावर होते. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबरही.

त्या काळी घरच्या घरी साखर तपासायची म्हणजे लघवी तपासायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यावयाचे, त्यात लघवीचे आठ थेंब सोडावयाचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरावयाची. निळा रंग तसाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी झाला तर वाढत गेलेली. विटकरी झाला तर पुष्कळ. ही युक्ती हुशारीची खरी, पण ती शिळी बातमी देणारी. रक्तातील साखर साधारणतः १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरते ती मागल्या काही तासांची. साखर धोकादायकरीत्या खाली आली असेल तर त्याचा पत्ता या नळीला लागत नाही. म्हणजे ज्या घरात पत्नी डॉक्टर होती आणि देशातील नामांकित वैद्यक हाताशी होते, त्या घरातही ‘या क्षणी रक्तात साखर किती?’ हा साधा प्रश्न बसल्या जागी सोडविण्याचे साधन नव्हते.

ते साधन घरात यावयास आणखी एक तप लोटले. न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक अभियंता होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह. १९६९ च्या सुमारास रुग्णालयांसाठी निघालेल्या रक्तशर्करामापक यंत्राची जाहिरात त्यांनी पाहिली. दीड किलोच्या आसपास वजनाचे ते यंत्र रुग्णाला विकले जात नसे. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या, म्हणून त्यांच्या नावे ते विकत घेता आले. दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून कोणत्या जेवणाने साखर किती चढते याची नोंद त्यांनी ठेवली आणि त्या नोंदीवरून आहार व इन्सुलिन बदलले. रुग्णाने स्वतः मोजावे ही कल्पना डॉक्टरांना पटेना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले व डॉक्टर झाले. त्यांच्या आहारविषयक मतांतील टोकाचा भाग सर्वांनी स्वीकारावा असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याच्या अंगात रोग आहे त्याने स्वतः पाहावे आणि पाहिल्याप्रमाणे वागावे, हा त्यांचा आग्रह धम्माच्या अनुयायांना परका वाटू नये. धम्माचे एक लक्षणच ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, असे सांगितले आहे.

आज ते यंत्र तळहाताएवढे झाले आहे. भुसावळच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ते मिळते आणि आपल्या कित्येक घरांत आहेही. कपाटावर, पेटीत, पट्ट्यांची मुदत उलटलेल्या डबीसह. मुलाने पुण्याहून आणून दिले, पहिले आठ दिवस सगळ्या घराने बोटे टोचून घेतली, आकड्यांवर हसणे झाले, घाबरणे झाले, आणि मग यंत्र वर गेले. आमचा लेख त्या वर गेलेल्या यंत्राविषयी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा, ढेरपोट्यांचा रोग, ही समजूत आता सोडलीच पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे शेजारी शेजारी मांडली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही तोच, २२.३. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून कृश दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अधिक व स्नायू कमी असतात. त्याचे मूळ, आईच्या अपुऱ्या पोषणामुळे जन्मतःच कमी वजनाच्या असलेल्या बाळांपर्यंत जाते, असे पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासांतून त्यांनी दाखवून दिले.

हे वाचताना आम्हांस आपल्या आज्या आठवतात. दुसऱ्याच्या शेतात दिवसभर निंदणी करून रात्री उरलेसुरले खाणारी ती पिढी. १९७२ च्या दुष्काळात मिलोच्या भाकरीवर निघालेली बाळंतपणे. त्या पोटी जन्मलेली मुले पुढे शिकली. कोणी रेल्वेत लागले, कोणी वरणगावच्या आयुध निर्माणीत, कोणी दीपनगरच्या वीज केंद्रात. चार पैसे आले, तसे रेशनचे गहू-तांदूळ आले, साखरेचा चहा आला, पाळीची नोकरी आली आणि रात्री दोन वाजता स्टेशनवरचा वडापाव आला. अर्धपोटी दिवसांसाठी घडलेल्या देहांवर भरलेले ताट येऊन पडले. यात कोणाची चूक शोधण्यात अर्थ नाही. पण हा इतिहास आपल्या रक्तात अक्षरशः उतरलेला आहे. म्हणून पोट नसणाऱ्यानेही, तिशी उलटल्यावर, एकदा तपासून घ्यावे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या पुढे गेली असेल तर अवश्य.

रोग ठरल्यावर घरात जे सुरू होते ते आपण सारे जाणतो. प्रत्येक येणारा एक नियम सांगून जातो. ज्वारी खा, साखर वाढत नाही. केळीला हात लावू नको. गूळ चालतो. कारल्याचा रस घे. भात सोड, पोळ्या कितीही खा. कालाम लोकांना तथागतांनी जे सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका, ते या क्षेत्राइतके कोठेच लागू पडत नसेल. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात. गव्हात जवळजवळ तितकेच. ज्वारीत तंतू आहेत, ती पोटभरीची आहे, म्हणून एक भाकरी दोन पोळ्यांपेक्षा बरी ठरू शकते. पण ‘ज्वारीच आहे’ म्हणून खाल्लेल्या तीन भाकरी साखर चढवल्याशिवाय राहत नाहीत. गूळ ही साखरच. आणि केळीचे म्हणाल, तर आपला जिल्हाच केळीचा. शंभर ग्रॅम गरात तेवीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट-साखर असते आणि केळे जसजसे पिकते तसतसे त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. रावेर-यावलच्या माणसास ‘आयुष्यभर केळे वर्ज्य’ असे सांगणे म्हणजे पथ्य मोडण्याची सोय करून देणे आहे. अर्धे केळे, फार न पिकलेले, जेवणानंतर लगेच नव्हे तर वेगळ्या वेळी, आणि मग दोन तासांनी थेंब पाहणे. उत्तर तुमच्या रक्तातून येईल.

मोजण्याची रीत अवघड नाही, पण ती रीत म्हणून पाळावी लागते. वाटेल तेव्हा बोट टोचले तर वाटेल तो आकडा मिळतो. ज्यांना इन्सुलिन चालू नाही आणि जे आहारावर किंवा आहार व गोळ्यांवर आहेत, त्यांना दररोज पाच वेळा टोचण्याची गरज नाही. एक जेवण निवडावे. त्या जेवणाला बसण्यापूर्वी एकदा मोजावे आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा. दोन पट्ट्या, एक ताट. वहीत चार रकाने पाडावे: आधीचा आकडा, ताटात काय व किती, नंतरचा आकडा, आणि त्या वेळी झोप, पाळी, ताप किंवा मनस्ताप असे काही विशेष होते का. सर्वसाधारण प्रौढ रुग्णास जेवणापूर्वी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत, हे उद्दिष्ट धरतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले यांची उद्दिष्टे निराळी असतात, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत.

समजा, सकाळी पोह्यांपूर्वी ११८ आणि नंतर २१० आले. दुसऱ्या दिवशी तेच पोहे निम्मे घेऊन सोबत वाटीभर मटकीची उसळ घ्या, आणि पुन्हा मोजा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. ती आणि नुसती ज्वारीची भाकरी, सारख्या वजनाची, दोन वेगवेगळ्या दिवशी, त्याच भरिताबरोबर खाऊन पाहा. वरण-बट्टीच्या दिवशी चार बट्ट्यांऐवजी दीड बट्टी घ्या आणि आधी काकडी-टोमॅटो व वरण संपवून मग बट्टीला हात घाला. भाज्या व डाळी आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी, एवढ्या क्रमबदलानेही जेवणानंतरची चढ कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालून या आणि न चालल्या दिवसाशी आकडा ताडून पाहा. महिनाभर असे केले की आपल्या घरात शिजणाऱ्या वीस-पंचवीस पदार्थांचा स्वभाव कळतो. ही माहिती कोणत्याही छापील आहारपत्रकात नसते. त्या पत्रकांत ओट्स आणि ब्रोकोली असते, शेवभाजी नसते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथे इन्सुलिन न घेणाऱ्या साडेचारशे रुग्णांचा वर्षभर अभ्यास झाला. घरी रोज मोजणारे आणि न मोजणारे यांच्या तीन महिन्यांच्या सरासरीत वर्षअखेर फारसा फरक आढळला नाही. म्हणून काही डॉक्टर अशा रुग्णांना ‘यंत्राचा खर्च करू नका’ म्हणतात. आम्ही त्या निष्कर्षाचा अर्थ असा घेतो: नुसता आकडा कोणालाही बरा करीत नाही. आकडा पाहून उद्याचे ताट बदलले नाही, तर पट्टी वाया गेली.

संयुक्तनिकायातील कोसलराज पसेनदीची कथा आपल्या वाचकांपैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकीत भगवंतांपुढे येऊन बसे. भगवंतांनी त्याला भोजनातील मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावली आणि आपण जेवावयास बसलो की म्हणावी, त्याबद्दल रोज शंभर कार्षापण मिळतील, असे ठरविले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, सडपातळ झाला, अंगावरून हात फिरवून समाधान पावला. प्रवचनकार येथे गाथेचा महिमा सांगून थांबतात. पण अट्ठकथेत एक तपशील आहे तो आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. राजाच्या शेवटच्या घासाला गाथा म्हणायची, राजाने तो घास सोडायचा, आणि उरलेली शिते पाहून पुढल्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे. मोजमाप झाले, नोंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी चुलीवरचे भांडे बदलले. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या रुग्णांपाशी यंत्र होते. पसेनदीपाशी सुदस्सन होता. आपल्या घरातही यंत्राबरोबर एखादा सुदस्सन लागतो: वही पाहणारी लेक, भात वाढताना वाटी मोजणारी सून, किंवा नवरा.

नवरा हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. आपल्या घरांत मधुमेह पुरुषास झाला की सारे स्वयंपाकघर त्याच्याभोवती फिरते. बाईस झाला की ती दोन वेगळे स्वयंपाक करीत नाही; घरच्यांसाठी जे केले तेच, सर्वांच्या शेवटी, उरलेल्या भातासकट खाते. शिळे फेकवत नाही म्हणून ती अधिक खाते, आणि रक्त तपासण्यास ‘मला काय झालंय’ म्हणते. ज्या घरात यंत्र आहे तेथे या घरातील स्त्रीचा शेवटचा आकडा कधी घेतला, हे विचारून पाहावे. गरोदरपणी मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढे तो कायमचा जडण्याचा संभव बराच अधिक असतो; त्यांनी तर वर्षातून एकदा तपासणी चुकवूच नये.

आता यंत्राविषयी. घरगुती यंत्र प्रयोगशाळेइतके अचूक नसते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणून १४२ आणि १५० यांत हर्ष-खेद मानू नये. आपल्या गावी मात्र आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, आणि बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवावयाच्या असतात, तर यंत्रे ४० च्या वर गेली की चुकतात किंवा चालेनाशी होतात. मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या घरातील खिडकीत, चुलीशेजारच्या फळीवर पट्ट्या ठेवू नयेत. डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे आणि घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ती ठेवावी. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. केळे सोलून किंवा गूळ फोडून तसेच बोट टोचले तर बोटाला चिकटलेली साखर थेंबात मिसळते आणि भलताच आकडा येतो. स्पिरिटच्या बोळ्याने नुसते पुसणे पुरत नाही. टोचावे बोटाच्या शेंड्याच्या बाजूला, मधोमध नव्हे. तेथे दुखते कमी.

रक्तक्षय असलेल्यांत यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते. आणि सिकलसेलविषयी तर स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण खानदेश-विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजातही तो आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी लाल पेशींच्या साधारण १२० दिवसांच्या आयुष्यावर बेतलेली आहे. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी लवकर मरतात, म्हणून चाचणी फसवी, कमी सरासरी दाखवते, आणि साखर बेताबाहेर असूनही ‘सर्व ठीक’ असा कागद हाती येतो. जे केवळ वाहक आहेत, त्यांच्या बाबतीत प्रयोगशाळेची पद्धत कोणती यावर अवलंबून असते. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना व प्रयोगशाळेला आधी सांगावे. अशा रुग्णांना घरच्या थेंबाची नोंद हाच खरा आधार असतो.

आहाराने साखर आटोक्यात आली की माणसास बळ येते आणि ते बळ पुष्कळदा गोळ्यांवर निघते. आठ दिवस चांगले आकडे आले म्हणून परस्पर गोळ्या बंद करणे हा या मार्गावरील सर्वांत मोठा धोका आहे. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. चांगली वही पाहून गोळी कमी करण्याचा निर्णय त्यांनाच घेऊ द्यावा. याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना भाकरी एकदम निम्मी केली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, बावरलेपण ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. पौर्णिमेच्या उपोसथास अष्टशील घेणाऱ्या, दुपारनंतर न जेवणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. वर्षावासापूर्वीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची औषधाची मात्रा ठरवून घ्यावी, आणि आजारी माणसाने शील घेताना त्या एका नियमात सवलत घेतली तर त्यास कमी लेखू नये. विनयात आजारी भिक्खूंसाठी अवेळीही तूप, लोणी, तेल, मध, गूळ यांची मुभा भगवंतांनीच ठेवली होती.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. एका पट्टीस दहा ते पंचवीस रुपयांच्या आसपास पडतात. वर सांगितलेल्या रीतीने आठवड्याला चार पट्ट्या लागल्या तरी रोजंदारीवरील कुटुंबास तो भार आहे. म्हणून आम्हांस वाटते की यंत्र ही घराची नव्हे, वस्तीची वस्तू व्हावी. विहारात ज्याप्रमाणे ग्रंथ असतात त्याप्रमाणे एक चांगले यंत्र असावे, पट्ट्या घाऊक भावाने आणाव्यात आणि आपल्यापैकी जे परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशाताई आहेत त्यांनी रविवारी वंदनेनंतर तासभर बसावे. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी विनामूल्य होते. तेथे जाण्यास संकोचणारे विहारात येतील. एकच पथ्य कठोरपणे पाळावयाचे: सुई प्रत्येकाची वेगळी, एकदा वापरून टाकून द्यावयाची, आणि सुई घालण्याचे पेनही दोघांत वापरावयाचे नाही. त्यातून कावीळ पसरते. शिबिरांत हे पाळले जात नाही, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

भोजनदानाविषयी लिहिल्यास काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. बुद्धपौर्णिमेची खीर राहू द्या. सुजातेच्या खिरीला कोण हात लावील? पण १४ एप्रिलला जिलेबी, ऑक्टोबरमध्ये बुंदी, लग्नात दोन गोडे, पुण्यानुमोदनाला पुन्हा गोड, आणि प्रत्येक ठिकाणी ‘थोडं तरी घ्या, दादा’ असा आग्रह, हे औदार्य आता आपल्याच माणसांना महाग पडत आहे. या विद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा, मठ्ठा असे जेवण ठेवावे आणि गोड ज्याने मागितले त्यालाच द्यावे, अशी सूचना आम्ही येथे जाहीरपणे करतो.

आणि शेवटी आपल्या वसतिगृहाचा विषय, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला. लहान मुलांना होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह आहाराने आटोक्यात राहत नाही. त्यांना इन्सुलिन लागतेच, दिवसातून अनेकदा, आणि मोजावेही तितक्याच वेळा लागते. १९२२ पूर्वी, म्हणजे इन्सुलिन रुग्णाला प्रथम दिले गेले त्याआधी, अशी मुले वाचत नसत. आज ती शिकतात, खेळतात, नोकरी करतात. २०१७ मध्ये सीबीएसईने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात खाण्याचे पदार्थ जवळ ठेवण्याची अनुमती दिली. परंतु निवासी शाळेच्या दारात असे मूल आले की व्यवस्थापनास धास्ती वाटते: रात्री काही झाले तर? मग ‘याला घरीच ठेवा’ असे सौम्य शब्दांत सांगितले जाते आणि शेतमजुराचे ते मूल घरीच राहते, म्हणजे शाळेबाहेर राहते. ज्यांना एके काळी शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले त्यांच्या वारसांनी चालविलेल्या संस्थेत हे घडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लागते ते फार नाही. इन्सुलिनसाठी शीतकपाटातील एक कप्पा, आणि वीज गेली तर ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ. प्रत्येक खोलीत ग्लुकोजची पुडी, आणि ती कोठे आहे हे खोलीतील सर्व मुलांना ठाऊक. स्वयंपाकघरात भाताची एक ठरलेली वाटी, जेणेकरून मुलाला आपण किती खाल्ले ते सांगता यावे. यंत्र वापरावयास शिकलेले दोन कर्मचारी, एक वसतिगृहात आणि एक शाळेत. वर्गमित्रांना एकदा नीट समजावून सांगणे, की हा रोग स्पर्शाने होत नाही आणि इंजेक्शन घेणारा मुलगा नशा करीत नाही. आणि खेळांच्या स्पर्धेच्या किंवा तापाच्या रात्री दोन वाजता उठून त्याच्या बोटाचा एक थेंब पाहणारे कोणीतरी. माजी विद्यार्थी संघाने या सर्वांचा वर्षाचा खर्च उचलावा. रात्री दोन वाजता उठणाऱ्याची नेमणूक विश्वस्त मंडळाने पुढील प्रवेशांपूर्वी करावी.